फीमध्येच मिळणारी मदत : कॉलेजात ती कुठल्या टेबलावर, कधी आणि कशी मागायची

परवा एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. एस.वाय.बी.कॉम., हातात निकालाची प्रिंट, दोन विषय राहिलेले. "सर, बाहेर क्लास लावू का? सात हजार सांगतायत." मी विचारलं, "तुझा मेंटॉर कोण आहे?" तिला माहीत नव्हतं. मी रजिस्टर काढून पाहिलं, तर तिचा मेंटॉर मीच होतो. कुठल्या विद्यार्थ्याचा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक कोण, याची यादी जुलैतच लागली होती. फलकावर, परीक्षा फॉर्मच्या तीन नोटिशींखाली दबलेली.

चूक तिची जेवढी, तेवढीच माझीही. पण तालुक्याच्या कॉलेजात इतकी वर्षं शिकवल्यावर हे चित्र नवं राहिलेलं नाही. अभ्यासाला लागणारी निम्मी मदत विद्यार्थ्याने फी भरताना आधीच विकत घेतलेली असते. ती मागायचं टेबल कुठलं आणि वेळ कोणती, हे कुणी सांगत नाही. मग बाहेरचा क्लासवाला सांगतो, आणि पैसे घेतो.

या सोयी अस्तित्वात का आहेत हे कळलं, की मागायचा संकोच जातो. नॅकचं (कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मूल्यांकन करून घेणाऱ्या कॉलेजाला दाखवावं लागतं, की एका शिक्षकामागे किती मेंटी, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेले विद्यार्थी, आहेत, अभ्यासात मागे पडणारी आणि पुढे असणारी मुलं कशी ओळखली आणि त्यांच्यासाठी काय केलं. त्यामुळे 'मेंटॉर-मेंटी' नावाची फाइल प्रत्येक विभागात असते. 'रेमेडियल'चं, म्हणजे मागे पडणाऱ्यांसाठीच्या जादा तासांचं, वेळापत्रक असतं, समुपदेशन कक्षाची पाटी असते. हे सगळं खोटं असतं असं मी म्हणणार नाही. पण कागदावरचं वर्गात उतरायला कुणीतरी ते मागावं लागतं. ज्या विभागात पाच मुलं अर्ज घेऊन येतात तिथे जादा तास होतात. जिथे कुणी येत नाही तिथे कागदावर नुसत्या सह्या होतात.

पहिला आठवडा : वहीचं शेवटचं पान

सत्र सुरू झालं की वहीच्या शेवटच्या पानावर सहा नावं लिहा : मेंटॉर, ग्रंथपाल, विद्यार्थी विकास अधिकारी, कॉलेजचा परीक्षा अधिकारी, समुपदेशक आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीचे अध्यक्ष. नावापुढे खोली आणि भेटायची वेळ. ही माहिती ऑफिसात, माहितीपुस्तिकेत किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर मिळते. वेबसाइटवरची यादी दोन वर्षांपूर्वीची असू शकते, म्हणून शिपाईमामांकडून खात्री करून घ्या. कोण बदलून गेलं, कोण रजेवर आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

दोन पदांबद्दल हमखास घोटाळा होतो. परीक्षा अधिकारी म्हणजे परीक्षेच्या खिडकीत बसणारे क्लार्क नव्हेत. ते प्राध्यापकांपैकीच एक असतात. बऱ्याच कॉलेजांत त्यांना 'सीईओ' (कॉलेज एक्झामिनेशन ऑफिसर) म्हणतात, आणि नवी मुलं ते ऐकून दबकून लांब राहतात. हॉल तिकिटावर चुकीचा विषय आला, इंटर्नलला हजर असून निकालात गैरहजर दिसतंय, अशी प्रकरणं त्यांच्याकडे न्यायची. दुसरे विद्यार्थी विकास अधिकारी. हे पद फक्त गॅदरिंगपुरतं आहे असा समज आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कमवा व शिका, विशेष मार्गदर्शन योजना अशा योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत कॉलेजापर्यंत येतात. इतर विद्यापीठांतही या नावाचा नाहीतर थोड्या वेगळ्या नावाचा विभाग असतो.

याच आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः अभ्यासक्रम उतरवून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ जुन्या पॅटर्नची निघाल्याची उदाहरणं दरवर्षी असतात, आणि ते कळतं परीक्षेच्या आदल्या रात्री. नव्या शैक्षणिक धोरणाची घडी महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून बसायला लागली, त्यामुळे मोठ्या भावाच्या नोट्सवर विसंबायचे दिवस गेले. मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक) यांतल्या प्रत्येक विषयापुढे क्रेडिट लिहिलेले असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं. चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास मिळायला हवेत. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे जादा तास मागताना कामाला येतो.

ग्रंथालय : दोन पुस्तकं आणि एक कार्ड एवढंच नव्हे

मला विचाराल तर कॉलेजातली सगळ्यात कमी वापरली जाणारी व्यक्ती म्हणजे ग्रंथपाल. मुलं काउंटरवर येतात, पुस्तकाचं नाव सांगतात, "नाहीये" ऐकतात आणि जातात. पुस्तकाचं नाव विचारू नका, विषय सांगा. "कॉस्टिंगमधला ओव्हरहेड्सचा भाग सोप्या भाषेत कुठल्या पुस्तकात आहे?" असं विचारलं, की ग्रंथपाल उठून कपाटापर्यंत येतात. हा अनुभव घेऊन बघा.

तिथे मागायच्या गोष्टी अशा. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. बहुतेक ठिकाणी बाइंड करून ठेवलेल्या असतात. बुक बँक, म्हणजे संपूर्ण सत्रासाठी संच घरी नेण्याची सोय. संच मोजके असतात आणि पहिल्या पंधरवड्यात संपतात. काही कॉलेजांत त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तो जूनमध्येच काढून ठेवावा. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, पण बसून वाचता येतात आणि हवी ती पानं झेरॉक्स करता येतात. कुठलं पुस्तक आत आहे नि कुठलं बाहेर गेलंय हे संगणकावरच्या सूचीत दिसतं, आणि ते परत आलं की तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगता येतं.

सगळ्यात महत्त्वाची सोय मात्र कपाटात नाही. विद्यापीठांची-कॉलेजांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'एन-लिस्ट' नावाची योजना आहे. सदस्य कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना तिच्यातून जवळपास २ लाख ई-पुस्तकं वाचायला मिळतात, घरी बसून, मोबाईलवरसुद्धा. लॉगिन ग्रंथपालच तयार करून देतात. त्यांना लागतं तुमचं नाव, वर्ग आणि चालू ई-मेल. आमच्याकडे हा फॉर्म भरणारी मुलं वर्गात चार-पाचच निघतात. बाकीची पुस्तकाची चोरटी पीडीएफ शोधत रात्र घालवतात, आणि तिच्यात नेमकं हवं ते प्रकरण गायब असतं.

त्याशिवाय आयआयटी खरगपूरचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. तिथे नोंदणी मोफत आहे आणि कुणीही करू शकतं. सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी संस्थेत शिकत असाल, तर १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिकं त्यातून खुली झाली आहेत. पदवीच्या मुलाला त्यांची रोज गरज नाही, पण एम.ए., एम.एस्सी.च्या प्रकल्पाला तीच लागतात. आणि प्रकल्पाचा विषय सुचत नसेल तर 'शोधगंगा' उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे ५ लाखांहून जास्त पीएच.डी. प्रबंध तिथे आहेत, मराठीतलेही. कुठलाही प्रबंध घ्या आणि शेवटच्या प्रकरणातल्या 'पुढील संशोधनाच्या दिशा' वाचा. विषयांची ददात राहत नाही. तिथून परिच्छेद मात्र उचलू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

कॉलेजचं ग्रंथालय अगदीच तोकडं असेल तर गावातलं जुनं वाचनालय बघा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. पुण्यात अर्थशास्त्राच्या मुलांसाठी गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी जाताना आधी फोन करा, आणि तुम्ही कॉलेजचे विद्यार्थी असल्याचं प्राचार्यांचं पत्र सोबत न्या. पत्रामुळे दारावरची अर्धी चर्चा वाचते.

विषय डोक्यावरून जातोय : चौथ्या ते सहाव्या आठवड्यात काय करायचं

मदत मागायला बहुतेक मुलं सबमिशनच्या आठवड्यात येतात. तेव्हा शिक्षक जर्नलं तपासण्यात बुडालेला असतो आणि विद्यार्थी झोपेविना. पहिली चाचणी झाली, पेपर हातात पडला, की त्या आठवड्यात या.

येताना कोरी वही आणू नका. चुकलेलं गणित आणा. "सर, कॉस्टिंग कळत नाही" या वाक्यावर कुठलाच शिक्षक काही करू शकत नाही. तो फार तर म्हणेल, "रोज वाचत जा." त्याऐवजी असं म्हणा : "ॲलोकेशन कळलं, ॲपोर्शनमेंटमध्ये अडतो. भाडं फ्लोअर एरियावर वाटलं ते समजलं, मग कॅन्टीनचा खर्च त्याच आधारावर का नाही वाटायचा?" (कॉस्टिंग म्हणजे उत्पादनाचा खर्च काढणं; ॲलोकेशन म्हणजे खर्च थेट एका विभागावर टाकणं, ॲपोर्शनमेंट म्हणजे सामाईक खर्च विभागांत वाटणं.) आता मी तुमच्याशी पाच मिनिटं बोलेन. कॅन्टीनमध्ये जेवतात माणसं, जमीन नाही, म्हणून कामगारांची संख्या धरायची. एवढं एक वाक्य बसलं, की पुढचे दहा खर्च तुम्ही स्वतः वाटाल. परवाच्या त्या मुलीचं नेमकं इथेच अडलं होतं. अख्खा विषय कच्चा नव्हता, एक बिजागरी निखळली होती.

शंका एकट्याची असेल तर मेंटॉर किंवा विषयशिक्षक पुरे. चार-पाच जणांची असेल तर रेमेडियल तासांची लेखी मागणी करा. तोंडी विनंती कॉरिडॉरमध्येच विरते. अर्ज साध्या कागदावर चालतो. मजकूर साधारण असा :

प्रति,
मा. प्राचार्य
(विभागप्रमुख, वाणिज्य विभाग यांच्यामार्फत)

विषय : कॉस्ट अकाउंटिंग या विषयाचे उपचारात्मक तास मिळणेबाबत.

महोदय,
आम्ही खाली सही करणारे द्वितीय वर्ष बी.कॉम.चे विद्यार्थी आहोत. पहिल्या चाचणीत घटक २ (ओव्हरहेड्स) मध्ये आम्हाला कमी गुण मिळाले आहेत. या घटकासाठी आठवड्यातून दोन याप्रमाणे सहा जादा तास मिळावेत, ही विनंती. आम्हाला सकाळी ११.१५ नंतर किंवा शनिवारी वेळ आहे. आम्ही सर्व तासांना हजर राहू.

आपले विश्वासू,
(नावे, रोल नंबर, सह्या)

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. घटकाचं नाव आहे, तासांची संख्या आहे, आणि तुमची मोकळी वेळ आहे. वेळ न लिहिलेला अर्ज "बघू, सोयीने ठरवू" म्हणून बाजूला पडतो. एसटीने येणारी मुलं असतील तर बसची वेळही लिहा. साडेबाराची बस चुकली की पुढची तीनला, हे शिक्षकाला ठाऊक असतंच असं नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. मराठीत तिला 'पोच' म्हणतात. ही पोच नीट जपून ठेवा, हा शब्द पुढे अजून दोनदा येणार आहे.

आणि मागून घेतलेल्या तासाला हजर राहा. पंधरा सह्यांच्या अर्जावर तीन मुलं आली, की पुढच्या वर्षीच्या मुलांचा अर्ज कुणी मनावर घेत नाही. मीही घेतलेला नाही, कबूल करतो.

मराठी माध्यमातून आलात आणि पुस्तकं इंग्रजीत

दहावी-बारावी मराठीतून, पुढे सगळंच इंग्रजीतून. हुशार मुलंसुद्धा पहिल्या सत्रात गप्प होतात ती इथे. आधी हे तपासा, की तुम्हाला मराठीतून उत्तरं लिहिता येतात का. अनेक विद्यापीठांत कला आणि वाणिज्य शाखेला ती मुभा आधीपासून आहे. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना असंही कळवलं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. तुमच्या विषयाला तुमच्या विद्यापीठाने काय ठरवलंय, हे परीक्षा अधिकाऱ्यांना विचारा, तेही परीक्षा फॉर्म भरायच्या आधी. कारण माध्यमाचा रकाना फॉर्मवरच असू शकतो.

शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. हे संचालनालय १९६० पासून हेच काम करतंय, आणि अर्थशास्त्रापासून भूगोलापर्यंत कोश निघाले आहेत. त्यातले काही शब्द जड आहेत, ते पाठ करायची गरज नाही. पण वहीत दोन रकाने करा, डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे कोशातला मराठी शब्द, खाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ. संकल्पना बसली नसेल तर मराठी विश्वकोशातली नोंद वाचा, तोही मोफत ऑनलाइन आहे. अभियांत्रिकी आणि पदविकेच्या मुलांसाठी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 'ई-कुंभ' पोर्टलवर मराठीतली पाठ्यपुस्तकं आहेत.

इंग्रजी सुधारायलाच हवं असेल तर ते वेगळं काम आहे, आणि त्यासाठी भाषा विभागातल्या मॅडमना गाठा. त्यांच्याकडे भाषा प्रयोगशाळा नावाची खोली असते. हेडफोनवर धूळ असेल. पुसून वापरा.

स्वयम आणि एनपीटेल

शिक्षक चांगला नसेल (असतात, आमच्यातही असतात) तर तोच विषय दुसऱ्या कुणाकडून शिकायची अधिकृत सोय म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल 'स्वयम'. जुलै २०१७ मध्ये हे पोर्टल सुरू झालं. जानेवारी आणि जुलै अशा दोन फेऱ्यांत अभ्यासक्रम लागतात. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरायचं, एनपीटेलच्या (आयआयटींचे शिक्षक चालवतात ते) अभ्यासक्रमांना ते १००० रुपये आहे. एनपीटेलला १०० पैकी २५ गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. दोन्हीकडे स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं, २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०. बारा आठवड्यांचा कोर्स असेल तर बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. म्हणजे दिवाळीत एखादी चुकली तर बिघडत नाही.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम'मधून घेता येतात. पण इथे मुलं फसतात. तुम्ही कोर्स केला म्हणून क्रेडिट आपोआप मिळत नाही. तो कोर्स तुमच्या विद्यापीठाने आणि कॉलेजने आधी मान्य केलेला असावा लागतो. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी विभागप्रमुखांकडे अर्ज द्या, कोर्सचं नाव, कोड, आठवडे लिहून. पोच घ्या. हे दुसऱ्यांदा.

लेखनिक, जादा वेळ आणि न दिसणाऱ्या अडचणी

दृष्टी, हालचाल, श्रवण, तसंच वाचन-लेखनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सियासारखं अध्ययन अक्षमत्व, हे सगळं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतं. परीक्षेला लेखनिक मिळतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलं आणि लिहायला खरोखर त्रास होत असला, तरी दार बंद नाही. त्यासाठी ऑगस्ट २०२२ च्या वेगळ्या सूचना आहेत. वैद्यकीय दाखला मात्र त्यात सांगितलेल्या नमुन्यातच लागतो.

कॉलेजात येईपर्यंत अध्ययन अक्षमत्व कुणाच्या लक्षातच आलेलं नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. तोंडी उत्तर चोख, व्हायवा उत्तम, आणि पेपरमध्ये अक्षरं उलटसुलट. असा संशय असेल तर समुपदेशकाकडून चाचणीसाठी पत्र घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी खास क्लिनिक आहे. इतर जिल्ह्यांत सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करावी. तपासण्यांना वेळ लागतो, एका फेरीत काम होत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे सुरू करून काही उपयोग नाही. जुलैत सुरू करा.

लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. एकदा लेखनिक ठरला की त्याच्याबरोबर घड्याळ लावून दोन जुने पेपर सोडवा. आकृती कशी सांगायची, ताळेबंदाचे रकाने कसे आखायला लावायचे, याचा सराव लागतो. ही गोष्ट कुठल्याही परिपत्रकात लिहिलेली नाही.

निकाल लागल्यावर : दहा-पंधरा दिवसांची धावपळ

निकाल चुकीचा वाटतोय? रडून झालं की परिपत्रक शोधा. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या तारखा निकालाबरोबर किंवा लगेच नंतर येतात आणि मुदत थोड्या दिवसांची असते. विद्यापीठागणिक शुल्क आणि मुदत वेगळी आहे, म्हणून दुसऱ्या विद्यापीठातल्या मैत्रिणीने सांगितलेलं धरून चालू नका.

शब्द नीट ओळखा. गुणपडताळणी म्हणजे फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते पाहणं. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसऱ्या परीक्षकाने पेपर पुन्हा तपासणं. माझा सल्ला असा, की आधी छायांकित प्रत मागवा. ती हातात आल्यावर पहिल्यांदा पुरवण्या मोजा. तुम्ही किती पुरवण्या लावल्या होत्या हे मुखपृष्ठावर तुम्हीच लिहिलेलं असतं. मग प्रत्येक प्रश्नाचे आतले गुण आणि बाहेरच्या तक्त्यातले गुण पेन्सिलीने जुळवा.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या प्रतीत दुसऱ्या पुरवणीच्या मागच्या पानावर प्रश्न चारचा 'ब' लिहिलेला होता. जवळपास पानभर उत्तर. त्यावर लाल शाईचा एक ठिपकासुद्धा नव्हता. पान उलटलंच गेलं नव्हतं. अर्ज केला, सात गुण वाढले, विषय सुटला. तेव्हापासून मी वर्गात सांगतो, पुरवणीचं शेवटचं पान वापरलंत तर आधीच्या पानाखाली ठसठशीत 'मागे पाहा' लिहा.

प्रत वाचून तपासणी ठीकच वाटली, तर पुनर्मूल्यांकनाचे पैसे वाचवा आणि ती प्रत विषयशिक्षकाकडे घेऊन या. कुठे गुण गेले हे दाखवणारं याहून चांगलं पुस्तक नाही. एटीकेटीच्या तयारीला मी पहिलं हेच मागतो.

विद्यापीठाची मुदत हुकली तर माहिती अधिकार उरतो. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका या कायद्याखाली पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असतं. उत्तरपत्रिका विद्यापीठं कायम ठेवत नाहीत, ठरावीक काळाने नष्ट करतात, म्हणून वर्षभर विचार करत बसू नका.

कुणीच ऐकत नाही तेव्हा

तक्रारीचा रस्ता लेखी आहे आणि त्याला मुदती आहेत. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिच्यात विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीही निमंत्रित असतो. तक्रार आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत समितीने शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. त्यांच्याकडे निकालासाठी ३० दिवस असतात.

तक्रारीत राग लिहू नका, तारखा लिहा. "परीक्षा विभाग मुजोर आहे" हे वाक्य तुमचंच नुकसान करतं. "१२ तारखेला अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक, २६ तारखेपर्यंत उत्तर नाही" हे वाक्य कुणाला टाळता येत नाही. आणि म्हणूनच ती पोच, तिसऱ्यांदा. ज्याच्याकडे ती नसते त्याला टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो, "अर्ज दिला होता याला पुरावा काय?" मी स्वतः एम.कॉम.ला असताना याच प्रश्नावर गप्प बसून परत आलो होतो, आणि एक सत्र वाया गेलं होतं.

पैसे आणि झोप

अभ्यास न होण्याचं कारण बऱ्याचदा अभ्यासात नसतं. सकाळी दूध घालून, दुपारी कॉलेज करून, संध्याकाळी मेडिकलमध्ये उभा राहणारा मुलगा रेमेडियलला येऊ शकत नाही. त्याच्यासाठी कमवा व शिका योजना बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत तासावर काम मिळतं, तेही कॉलेजच्या आवारात, म्हणजे जायचा-यायचा वेळ वाचतो. शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज वेळेत भरा. तिथे अर्ज अडतो तो बहुतेक वेळा बँक खातं आधारला जोडलेलं नसल्याने. ते एक काम बँकेत जाऊन आधी उरका.

झोप लागत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, घरी सांगता येत नाही, असं असेल तर समुपदेशकाकडे जा. तिथे गेलं म्हणजे नाव पसरतं ही भीती मला मुलांनी बोलून दाखवली आहे. ती भीती खोटी नाही, विशेषतः लहान गावात. मग १४४१६ लावा. 'टेलि-मानस' नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पेपरच्या आदल्या रात्री दोन वाजताही लावता येतो.

सत्र संपताना : क्रेडिट जमा झाले का ते पाहा

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे आणि कुणी करत नाही. डिजिलॉकर उघडा, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट जमा होतात ते खातं) जा आणि तुमचा बारा आकडी अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थी म्हणून तुमची ओळख, तिथे आहे का, या सत्राचे क्रेडिट आलेत का, ते बघा. मध्येच कॉलेज बदललं, वर्ष गेलं, तरी जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात. आलेले नसतील तर कारण बहुधा नावात सापडतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, आधारवर शेवटी, आणि कुठे वडिलांचं नाव गळालेलं. त्या मुलीच्या बाबतीतही हेच निघालं. आधारवर 'पुजा', बारावीच्या गुणपत्रिकेवर 'पूजा'. पहिल्या सत्रात ती पास झालेल्या विषयांचे क्रेडिटही तिच्या खात्यावर नव्हते. आधार केंद्रात जाऊन एक ऊकार दीर्घ करून घ्यायला तिला दोन शनिवार लागले. दुसऱ्या शनिवारी ती तिथून सरळ कॉस्टिंगच्या जादा तासाला आली, दहा मिनिटं उशिरा.